फड बागायत: मालकाने स्वतःच्या शेतात बारं धरायचं नाही!

पांझराकाठ: पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं चालत आलेली फड पद्धत खानदेशाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. नदीवर बंधारा, तिथून २ ते १२ किलोमीटरचा कालवा, मग चाऱ्या, शेवटी शेतात जाणारे सारंग. जादा पाणी सांडव्याने परत नदीत. पंप कुठेच नाही, सगळा खेळ उताराचा. गंमत मात्र नियमांत आहे. शिवाराचे तीन-चार फड म्हणजे भाग, एका फडात एकच पीक आणि बारं धरणार, म्हणजे शेतात पाणी देणार पाटकरी, मालक नव्हे. ही समन्यायी पद्धत आजही बसवता येईल.

काळीमाती: कौतुक पुरे. शेजारच्या गावात कांद्याला भाव मिळत असताना कोण फडाचं पीक लावत बसेल?

पांझराकाठ: एका पिकाचा नियम हट्टापायी नाही. उसाला उन्हाळ्यात ८-१० दिवसांनी पाणी लागतं, हरभऱ्याला अख्ख्या हंगामात दोन-तीनदा. हरभऱ्याच्या मधोमध एकाने ऊस घातला, की बांधातून पाझरून शेजारचा हरभरा जादा पाण्याने पिवळा पडून उभळला म्हणून समजा. शिवाय त्या एका शेतासाठी सगळी चारी भिजवायची, निम्मं पाणी वाटेतच जिरतं. ऊस फडाफडातून फिरला की जमीन चोपण (क्षारांनी घट्ट, नापीक) होत नाही, हे वेगळंच.

तापीकर: खरं शे भाऊ, पण पाणी कुठे आहे? फड वाहत्या नदीवर चालतो. वर धरणं झाली, काठाने विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याची स्वतःची विहीर, तो कालव्याचा गाळ काढायला कशाला येईल? फड मोडला तो तिथे.

काळीमाती: आणि समन्यायी म्हणता, तर पाणी मिळायचं ते जमिनीच्या मापाने. भूमिहीनाच्या वाट्याला काय?

पांझराकाठ: ते मान्य. पण शेपटाला पाणी न पोचणं हा आजच्या कालव्यांचा रोग. पाटकऱ्याचा मेहनताना खातेदारांकडून धान्यात यायचा. शेवटचं शेत वाळलं, तर त्याच्याच पोत्यात घट.

तापीकर: मग धरणातून ठरल्या तारखांना पाणी सोडा, बंधाऱ्याच्या तोंडाशी मोजा, आतलं वाटप पाटकऱ्यावर सोपवा. विहीरवाल्यालाही गाळकाढणीची पट्टी लावा. त्याची विहीर कालव्याच्या पाझरावरच तर भरते.

काळीमाती: ती पट्टी वसूल कोण करणार, तेवढं सांगा.