‘थिएटरात आग’ हे उदाहरण आलं कुठून?

युद्ध चालू असताना सरकारविरुद्ध बोलणं म्हणजे भरल्या थिएटरात ‘आग, आग’ ओरडण्यासारखं, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. दंगल पेटवणाऱ्या भाषणाला आळा हवा, इथपर्यंत मान्य. पण हे उदाहरण मुळात कुणाला गप्प करायला वापरलं गेलं ते बघा. १९१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी ते दिलं. आरोपी होता चार्ल्स शेंक. पहिल्या महायुद्धात सक्तीची सैन्यभरती म्हणजे गुलामगिरीच, अशी पत्रकं त्याने भरतीत नाव आलेल्या तरुणांना टपालाने पाठवली होती. त्यातलं आवाहन काय, तर हा कायदा रद्द करा असा अर्ज सरकारकडे करा! यात आग कुठे होती? शिवाय होम्स यांचे शब्द ‘खोटंच’ आग ओरडण्याबद्दल होते. तो ‘खोटंच’ आपण सगळेच विसरतो, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. तरी शेंक तुरुंगात गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एब्रम्स खटल्यात, पुन्हा पत्रकांवरूनच, होम्स बहुमताविरुद्ध गेले आणि पत्रकं काढणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १९६९च्या ब्रँडनबर्ग निकालाने कसोटीच बदलली: बोलण्याचा हेतू तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हवा आणि ते घडण्याची शक्यताही खरीखुरी हवी. मर्यादा कुठे आखायची यावर बोलायचंच असेल तर या कसोटीवर बोलू.