अडॉप्ट मी: शॅडो ड्रॅगन बाहेरून विकत घेणं कितपत सुरक्षित?

मृण्मयी_ठाणे
रोब्लॉक्सवरच्या 'अडॉप्ट मी'बद्दल विचारायचं आहे. या गेममध्ये पाळीव प्राणी, म्हणजे 'पेट', जमवायचे असतात. भाचा 11 वर्षांचा आहे आणि त्याला शॅडो ड्रॅगन हा पेट हवाय. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर कुणीतरी त्याला सांगितलं, 1500 रुपये यूपीआयने पाठव, त्याआधी एका लिंकवर अकाउंट 'व्हेरिफाय' कर, मग पेट देतो. पैसे गेलेले नाहीत. लिंक मात्र काल कॉम्प्युटरवर उघडली. पासवर्ड कुठेही टाकलेला नाही; पण त्या पानावरचं एक बटण ओढून बुकमार्कच्या पट्टीवर ठेवायला सांगितलं होतं, ते त्याने ठेवलं आणि रोब्लॉक्सचं पान उघडून दाबलं. अकाउंट अजून चालू आहे. काही करायला हवं का?

टर्मिनल
हो, आणि आजच. पासवर्ड दिला नाही म्हणजे काही गेलं नाही, असं इथे धरता येत नाही.

ते बटण म्हणजे बुकमार्कच्या रूपातला छोटा प्रोग्रॅम असतो. रोब्लॉक्सचं पान उघडं असताना तो दाबला की भाच्याच्या चालू लॉगइनच्या जोरावर तो रोब्लॉक्सला हुकूम देतो. रोब्लॉक्सच्या दृष्टीने ते सगळं भाचाच करतोय. लॉगइनची परवानगी अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती गेली, की पासवर्ड आणि टू-स्टेप (लॉगइनच्या वेळी मागितला जाणारा दुसरा कोड) दोन्ही बाजूला राहतात, कारण ते दाराशी विचारले जातात आणि समोरचा आधीच आत असतो.

याच चोरीचे आणखी प्रकार आहेत. एफ-12 दाबून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवायच्या जागेत) काहीतरी पेस्ट करायला सांगणं, 'हार' फाइल (ब्राउझर आणि साइटमधल्या देवाणघेवाणीची नोंद) मागणं, किंवा कुकीमधला (लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीतला) मजकूर कॉपी करून मागणं. रोब्लॉक्सची लॉगइन कुकी उघडली तर ती कुणालाही देऊ नका, दिलीत तर तो तुमच्या नावाने लॉगइन करून रोबक्स (रोब्लॉक्सचं चलन) आणि वस्तू चोरू शकेल, असा इशारा इंग्रजीत तिच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. क्रोमसुद्धा कन्सोलमध्ये पेस्ट करण्याआधी 'अलाउ पेस्टिंग' असं हाताने टाइप करायला लावतो. समोरचा ते टाइप करायला सांगत असेल तर तो नेमकं काय करतोय हे तिथेच कळतं.

आता क्रम सांगतो. क्रम चुकला तर मेहनत फुकट जाते.

तो कॉम्प्युटर तूर्त बाजूला ठेवा आणि दुसऱ्या, विश्वासाच्या फोनवरून सुरुवात करा. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण रोब्लॉक्सचा पासवर्ड ईमेलवरून रीसेट करता येतो. मग रोब्लॉक्सच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली बाकी सर्व सेशन (इतर मशीनवरची चालू लॉगइन) लॉग आउट करण्याचा पर्याय आहे, तो वापरा. चोराकडे गेलेली परवानगी इथे निकामी होते. त्यानंतर रोब्लॉक्सचा पासवर्ड बदला. ईमेल आणि फोन नंबर तुमचेच आहेत ना ते बघा. ऑथेंटिकेटर ॲपवर (लॉगइनचे कोड देणाऱ्या ॲपवर) टू-स्टेप लावा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून घरात ठेवा.

मग कॉम्प्युटरकडे वळा. तो बुकमार्क काढा, अनोळखी एक्स्टेंशन काढा, त्या दिवशी डाउनलोड झालेलं काही आहे का बघा. 'डुप्लिकेट स्क्रिप्ट' (पेटची नक्कल करून देतो म्हणणारी) किंवा 'एक्झिक्युटर' (गेममध्ये चीट चालवणारी) नावाची फाइल चालवली गेली असेल, तर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं समजा. अशा कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड टाकून लॉगइन केलंत तर नवी परवानगीही लगेच चोराकडे जाते. म्हणून आधी पूर्ण स्कॅन, शंका उरलीच तर विंडोज रीसेट.

डिस्कॉर्डचा पासवर्डही बदला, त्याने तिथली जुनी लॉगइन रद्द होतात. 'व्हेरिफिकेशन बॉट'ने दाखवलेला क्यूआर डिस्कॉर्ड ॲपने स्कॅन केला असेल तर हे फारच गरजेचं, कारण तो क्यूआर चोराच्या मशीनवर लॉगइन उघडण्यासाठीच असतो.

पारिजात_खेळतोय
पेटबद्दल मी सांगतो.

शॅडो ड्रॅगन 2019च्या हॅलोविन इव्हेंटमध्ये 1000 रोबक्सला होता. फ्रॉस्ट ड्रॅगन त्याच वर्षीच्या ख्रिसमसचा. जुने, थोडे आणि सगळ्यांना हवे असलेले. त्यामुळे ते मिळतात ते ट्रेडमधूनच, म्हणजे खेळाडूंमधल्या अदलाबदलीतूनच, आणि फसवणारेही त्यांच्याच नावाने येतात. रुपये किंवा रोबक्स घेऊन पेट देणं-घेणं गेमच्या नियमांत बसत नाही. ट्रेडच्या खिडकीत रोबक्स ठेवायला जागाच नाही. म्हणजे पैसे गेले आणि पेट आला नाही तर गेमकडे दाद मागायला काही उरत नाही. पेट आला तरी तो कुणाच्या तरी चोरलेल्या अकाउंटवरचा असू शकतो.

'माझा गेमपास विकत घे, मग पेट देतो' हाही तोच प्रकार. गेमपास म्हणजे रोबक्सला विकली जाणारी गेममधली सोय. पासच्या किमतीतले 30 टक्के रोब्लॉक्स कापतं, 70 टक्के विकणाऱ्याला मिळतात, आणि तुमच्या बाजूने तो एक साधा, पूर्ण झालेला व्यवहार असतो.

सरळ रस्ता म्हणजे पायरीपायरीने ट्रेड. लेजेंडरी आणि अल्ट्रा-रेअर (सर्वांत दुर्मीळ वर्गांतल्या) पेटसाठी आधी ट्रेड लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, त्यात फसवणुकीचेच प्रश्न असतात. भाच्याने ती स्वतः वाचून द्यावी.

खिडकीत बघायचं ते पेटवरच्या खुणा. फ्लाय (उडणारा), राइड (ज्यावर बसता येतं), निऑन आणि मेगा (चमकणारे) यांची छोटी अक्षरं असतात. निऑनला एकाच जातीचे 4 पूर्ण वाढलेले पेट लागतात, मेगाला 4 निऑन, म्हणजे मुळात 16 पेट. समोरचा मेगा ठेवतो, गप्पांत गुंतवतो, 'थांब, अजून एक घालतो' म्हणत तो काढून साधा ठेवतो. चित्र जवळपास तेच दिसतं, अक्षर गेलेलं असतं. ऑफर बदलली की स्वीकार आपोआप रद्द होतो आणि पुन्हा दाबावा लागतो. तो रद्द झाला म्हणजे काहीतरी बदललं, हे मुलाला पक्कं सांगा. शेवटच्या खात्रीच्या पडद्यावर प्रत्येक पेटचं अक्षर परत वाचायचं. चॅट तेवढा वेळ बंद.

'खिडकीत मावत नाही, दोन ट्रेडमध्ये करू, आधी तू दे' याला 'ट्रस्ट ट्रेड' म्हणतात. दुसरा ट्रेड होत नाही. पेट 'डुप्लिकेट' करून देतो म्हणणाऱ्याला उधारही देऊ नका. अशा देवाणघेवाणीत गेलेले पेट गेमवाले परत देत नाहीत. रिपोर्ट केल्यावर समोरच्यावर कारवाई होऊ शकते, एवढंच.

सह्याद्री_1930
पैशांच्या बाजूने थोडी भर.

यूपीआय पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे जायला. 'रिफंड घ्यायला हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक' हे वाक्य पहिल्या फसवणुकीनंतर हमखास येतं, आणि दुसऱ्यांदा जाणारी रक्कम मोठी असते. घरातल्या मोठ्यांचा पिन मुलाला ठाऊक असेल तर आज बदला.

कुणाचे पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पुढच्या खात्यात जाण्याआधी रक्कम गोठवता येते. सोबत 12 आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हवा. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-सी कलमाखाली येतं, तोतयेगिरीने फसवणं 66-डी खाली.

चॅट डिलीट करू नका. डिस्कॉर्डवर नाव बदलता येतं, आकडी आयडी बदलत नाही. डिस्कॉर्डच्या सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्डमध्ये डेव्हलपर मोड चालू करून तो कॉपी करा. रोब्लॉक्स प्रोफाइलच्या पत्त्यातला आकडाही तसाच कायम राहतो. ब्लॉक करायचं ते हे जपून ठेवल्यावर.

आणि एक. डिस्कॉर्डला वयाची अट 13 आहे, भाचा 11 चा. पेटच्या बदल्यात फोटो, व्हिडिओ कॉल किंवा व्हॉट्सॲप नंबर मागितला होता का, हे त्याला शांतपणे विचारा. मागितला असेल तर प्रकरण पेटचं राहिलेलं नाही. मुलाला न रागावता सगळं जपून ठेवा आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांकडे जा.

मृण्मयी_ठाणे
फोनवरून ईमेल, सेशन, पासवर्ड सगळं त्याच क्रमाने केलं. सेशनच्या यादीत एक ओळख न पटणारं मशीन होतं, ते गेलं. फोटो वगैरे मागितलेला नाही. कॉम्प्युटर घरात सगळेच वापरतात, बँकेचं कामही त्यावरच होतं. तिथे फक्त बुकमार्क काढणं पुरेल?

टर्मिनल
फाइल डाउनलोड झालेली नसेल तर तो बुकमार्क, ज्या पानावर दाबला त्या पानापुरताच चालतो. बँकेपर्यंत जात नाही. डाउनलोडच्या फोल्डरसोबत ब्राउझरचा डाउनलोड इतिहासही बघा, फाइल नंतर पुसली असली तरी तिथे नाव सापडतं. स्कॅन होईपर्यंत बँकेचं काम फोनवरून करा. आणि भाच्यासाठी विंडोजवर वेगळं, ॲडमिन नसलेलं खातं काढा, म्हणजे घरातल्यांचे साठवलेले पासवर्ड त्याच्या ब्राउझरमध्ये नसतील.