आणीबाणीची पन्नाशी जोरात, अन् झेडपी प्रशासकाच्या हातात

पांदणवाला (धागा सुरू करणारा):
यंदा, म्हणजे 2025 च्या 25 जूनला, आणीबाणीला 50 वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या गावी बॅनर लागले, मिसाबंदी (मिसा कायद्याखाली खटल्याशिवाय जेलात टाकलेल्या) म्हाताऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, लोकशाहीचा गळा कसा घोटला त्याच्यावर तासभर भाषणं झाली. सांगायलाच पाहिजे, माझी काही तक्रार नाही. पण त्या स्टेजवर निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य एकही नव्हता, कारण असा माणूस सध्या आमच्या जिल्ह्यातच नाही. शेवटची झेडपी निवडणूक 2017 च्या फेब्रुवारीत झाली, मुदत संपली मार्च 2022 मधे, तेव्हापासून सीईओ साहेबच प्रशासक, म्हणजे ठराव तेच मांडणार, मंजूर तेच करणार अन् अंमलबजावणी पण त्यांचीच. खाली पंचायत समितीत बीडीओ साहेब. सव्वातीन वर्षं झाली राजेहो, एका तरी वक्त्यानं हे काढावं ना?

आणीबाणी म्हटलं की लोकांना रात्री दार वाजवणारे पोलीस दिसतात. ते झालंच, लाखाच्या वर माणसं आत गेली. पण दिवसाढवळ्या अन् कायद्यानं जे झालं ते मला जास्त भीतीचं वाटते. 12 जून 1975 ला अलाहाबाद हायकोर्टाच्या जगमोहनलाल सिन्हा साहेबांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात 11 ऑगस्टला लागणार होतं, तर 7 ऑगस्टला घटनादुरुस्तीचं बिल लोकसभेत आलं, मधल्या दोन दिवसांत राज्यसभा अन् राज्यांच्या विधानसभा उरकल्या, 10 तारखेला राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या बाहेर! आमच्याकडे साध्या फेरफारला किती दिवस लागते ते तुम्हाला माहीतच आहे. मग लोकसभेची मुदत वाढवली. आपली विधानसभा 1972 ची, ती 1978 पर्यंत ओढली. झेडपी पण 1972 ची, तिची निवडणूक थेट 1979 ला. मुदत संपली की मत मागायला यायचं हा नियम त्या दोन-तीन वर्षांत असा काही ढिला पडला की तो आजपर्यंत कोणी पुरता कसला नाही, असं माझं मत आहे. पटत नसेल तर बोला.

ठेचाभाकर:
भाऊ लिवणं झकास हाय, पण तुमी कोनत्या झेडपीले रडून राह्यले? आमच्या सर्कलचा मेंबर पाच वर्षात दोनदा दिसला, एकदा भूमिपूजनाले अन् एकदा कोनाच्या तरी तेरवीले. बाकी टायमाले त्याचा साळा ठेके घे अन् हा फोन उचलत नसे. आता प्रशासक हाय तं निदान टक्केवारी एकाच टेबलावर द्या लागते, पयले चार टेबलं होते. हासू नका, खरं सांगून राह्यलो. लोकाईले काम पायजे, लोकशाहीचं लोनचं घालाचं हाय का?

पांदणवाला:
ठेचाभाऊ, मेंबर खराब होता तर 2022 ला त्याला पाडायची संधी होती, तीच गेली की तुमची. आता माझं ऐका. आमच्या झेडपी शाळेच्या दोन खोल्यांवरचे टिन मागच्या पावसाळ्यात उडाले, पोरं तेव्हापासून व्हरांड्यात. आम्ही पंचायत समितीत अर्ज दिला, आवक शिक्का मारून पोच घेतली. पुढच्या महिन्यात गेलो तर साहेब बदलून गेलेले, नवीन साहेब म्हणे फाईल वर पाठवली. वर गेलो तर म्हणे खालून त्रुटी निघाली. त्या शिक्क्याची पोच माझ्या पाकिटात आहे अजून, घडीवर फाटत आली. जुना मेंबर नालायक होता पण तो एसटी स्टँडवर चहाच्या टपरीवर सापडायचा, चार बाया त्याच्या गाडीसमोर उभ्या राहिल्या तर त्याला काच खाली करावी लागायची, कारण परत मत मागायला यायचं होतं. साहेबांची बदली होते, त्यांना कोण पाडणार?

अन् टेबल कमी झाले म्हणता तर पैसाही कमी झाला ते सांगा ना. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीत झेडपी अन् पंचायत समितीचा 10-10 टक्के वाटा असतो, 80 टक्के ग्रामपंचायतीला. निवडून आलेली बॉडी नसेल तर तो वरचा वाटा केंद्र देतच नाही. तुमच्या-माझ्या नावचा पैसा तिकडंच राहिला.

मोठ्याबाबाचा नातू:
मला ही तुलनाच पटली नाही आणि थोडा रागही आला. माझे मोठेबाबा मिसाखाली नागपूरच्या जेलात होते. घरी कमावणारं दुसरं कोणी नाही, आजीनं गहू निवडायची कामं केली लोकांकडे, नातेवाईक दारावरून जायचे पण आत यायचे नाहीत, कारण आत आलं की आपलंही नाव लागेल. तुमच्याकडे टिन उडाले आणि त्याला तुम्ही आणीबाणी म्हणता? तुम्ही सरकारच्या विरोधात एवढं लिहिलं, तुम्हाला कोणी उचलायला आलं का? त्या वेळी सरकारी वकिलानं सुप्रीम कोर्टात मान्य केलं होतं की पोलिसानं गोळी घातली तरी आणीबाणीत कोर्टाला काही करता येणार नाही. शब्द जरा जपून वापरत जा.

गुरुजी रिटायर्ड:
नातू साहेबांशी सहमत आहे परंतु थोडं पुढचं सांगतो. माझे वडील पण शिक्षक होते. 1976 मध्ये शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणण्याचं टार्गेट होतं, नाहीतर पगार अडवायचे. वडील शाळा सुटल्यावर सायकलनं वाड्या-तांड्यांवर फिरायचे, गावकरी मास्तर दिसला की वावरात पळून जायचे. त्यानंतर कित्येक वर्षं त्या तांड्यावर पोरं शाळेत घाला म्हणून सांगायला गेलं तरी बाया दार लावून घ्यायच्या. आणि लक्षात घ्या, सक्तीच्या नसबंदीचं बिल 1976 मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं पास केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. दिल्लीच्या एका बाईनं सगळं केलं असं म्हणून आपण मोकळे होतो. मुंबईत ज्यांनी हात वर केले ते आपल्याच भागातून निवडून गेलेले होते, त्यांच्या घरी कोणी पोलीस पाठवला नव्हता.

मजुराचा पोरगा:
सगळे एकाच बाजूनं बोलून राहिले म्हणून लिहितो. आमच्या घरी आणीबाणीची आठवण वेगळी आहे. आजीचा पितळी गुंड अन् दोन परात्या सावकाराकडे गहाण होत्या, व्याजातच बुडाल्या असं सगळ्यांनी धरलं होतं. कर्जमुक्तीचा कायदा आला अन् सावकारानं माणूस पाठवून भांडे घरी पोचवले. तो गुंड अजून आमच्या घरी आहे, बुडाला डाग दिलेला आहे. 20 कलमी कार्यक्रमात भूमिहीनाला जमीन, वेठबिगारी बंद, हे होतं. तुमचं हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, घटनादुरुस्ती सगळं मान्य, पण त्याच्या आधी ह्या संस्था आमच्या काय कामाच्या होत्या? कोर्टात सावकाराचा कागद चाले, आमचं तोंड नाही चाले.

आणि एक विचारतो. 1977 ला उत्तर भारतात काँग्रेस झाडून गेली, पण विदर्भात बहुतेक जागा काँग्रेसच्याच आल्या. अकोल्यातून वसंत साठे, वाशिममधून वसंतराव नाईक. म्हणजे आपल्या लोकांना तेव्हा काही समजत नव्हतं असं म्हणणं आहे का तुमचं?

पांदणवाला:
तसं कोण म्हणते. भांडे परत आले ते चांगलंच झालं. पण त्याच्यासाठी माणसं जेलात टाकायची अन् पेपर बंद करायची काय गरज होती ते सांगा. रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात सुरू झाली, तेव्हा आणीबाणी नव्हती, मोर्चे होते, विधानसभेत बोंबाबोंब होती, तिच्यातूनच ती आली अन् देशात पहिल्यांदा आपल्याकडे आली. खडी फोडून कितीतरी घरं जगली त्या साली. कर्जमुक्तीचा कायदा पण विधानसभा करू शकतच होती.

मजुराचा पोरगा:
करू शकत होती, केला नव्हता ना पण. सावकारानं भांडे कायद्याला मान देऊन नाही दिले, भ्यायला म्हणून दिले. हे तुम्हाला गोड वाटो न वाटो.

अर्धा वकील:
एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चूक असेल तर सांगा. दोन-तीन गोष्टी मिसळून राहिल्या इथं. पहिली म्हणजे पांदणवाले काकांनी सांगितलेली 39 वी घटनादुरुस्ती, तिचं पुढं काय झालं ते कोणी लिहिलंच नाही, 1975 च्या नोव्हेंबरमधेच सुप्रीम कोर्टानं तिचं पंतप्रधानांच्या निवडणुकीवालं कलम उडवलं, इंदिरा गांधींची निवडणूक मात्र वैध ठरवली. म्हणजे आणीबाणी चालू असताना पण कोर्टात थोडा जीव होता. आणि त्याच कोर्टानं सहा महिन्यांनी, 28 एप्रिल 1976 ला, 4 विरुद्ध 1 नं सांगितलं की अटक झालेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही. देशातली 9 हायकोर्टं तोपर्यंत उलट निकाल देऊन बसली होती बरं का, म्हणजे खालचे टिकले अन् वरचे वाकले. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले अन् जानेवारी 1977 मधे सरन्यायाधीशपद त्यांचं असताना बेग यांना दिलं, खन्नांनी राजीनामा टाकला. तो निकाल औपचारिकपणे पुसायला 2017 साल उजाडलं.

दुसरी, आणीबाणीच्या कागदावर राष्ट्रपतींची सही 25 च्या रात्रीच झाली, मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला. आधी सही मग विचारणा. म्हणून 1978 च्या 44 व्या दुरुस्तीत मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, अन् नुसत्या अंतर्गत अशांततेच्या नावावर आणीबाणी लावायची सोय काढून सशस्त्र उठाव पाहिजे असं केलं. त्यामुळं तशीच आणीबाणी परत येईल असं मला वाटत नाही.

झेडपीचं म्हणाल तर नातू साहेबांचं अन् काकांचं दोघांचंही अर्धं बरोबर. 1979 नंतर महाराष्ट्रात झेडपीची निवडणूक थेट 1992 ला झाली! तेव्हा कुठं होती आणीबाणी? अशा चालढकलीला कंटाळूनच 73 वी घटनादुरुस्ती आली, 1993 पासून लागू आहे, कलम 243-ई मधे पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, मुदत संपायच्या आत निवडणूक. 2006 मधे अहमदाबाद महापालिकेच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना सव्वातीन वर्षं प्रशासक. त्यामुळं टिन उडणं म्हणजे आणीबाणी नाही हे मान्य, पण घटनेतलं कलम उडालं त्याला काय म्हणायचं ते नातू साहेबांनी सांगावं.

ओबीसी कास्तकार:
वकीलसाहेब कलम सांगता तर कारणबी सांगा ना पूर्ण. निवडणुका कोणी हुकूमशहानं नाही थांबवल्या, ओबीसी आरक्षणासाठी थांबल्या. 2021 च्या मार्चमधे सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो आपल्या विदर्भातल्याच जिल्हा परिषदांच्या केसमधला, इम्पिरिकल डेटा, म्हणजे ओबीसींच्या मागासपणाची गोळा केलेली आकडेवारी, नाही म्हणून आमच्या जागा गेल्या. मग ती आकडेवारी गोळा करायला बांठिया आयोग. आरक्षणाशिवाय निवडणूक घेतली असती तर आमच्या कुणबी-तेली-माळ्याच्या पोरांनी काय टाळ्या वाजवायच्या होत्या का? मी म्हणतो अजून थांबा लागलं असतं तरी चाललं असतं. ज्या संस्थेत आम्हीच नाही ती टिकली काय अन् मोडली काय.

पांदणवाला:
कास्तकार भाऊ मी पण त्याच समाजातला, आरक्षण पाहिजेच. पण सगळा उशीर तुमच्या-माझ्या नावावर नका घेऊ. आधीच्या सरकारनं झेडपीच्या गटांची, म्हणजे सर्कलांची, संख्या वाढवली, 2022 च्या ऑगस्टात नवीन सरकारनं ती परत कमी केली, दोघांच्या भांडणात पूर्ण रचना कोर्टात जाऊन पडली. ज्याला त्याला आपल्या सोयीचा नकाशा पाहिजे होता, बोर्ड मात्र ओबीसींचा लावला. तीन वर्षांत दोन्हीकडच्या एका आमदारानं प्रशासक हटवा म्हणून उपोषण केलेलं मी तरी पाहिलं नाही. कायले करतील, झेडपी मेंबर म्हणजे उद्याचा तिकीट मागणारा, तो जितका उशिरा तयार होईल तितकं बरं!

मोठ्याबाबाचा नातू:
हे शेवटचं पटलं. बाकी तुलनेबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे. मोठेबाबांना 2018 ला मानधन सुरू झालं, 2020 ला सरकार बदललं तर बंद, 2022 ला परत सुरू. जेल भोगलेल्या म्हाताऱ्याचं औषधपाणी पण कोण खुर्चीवर आहे त्यावर. संस्था खिळखिळ्या झाल्या म्हणता तर हे पण त्यातच धरा.

ठेचाभाकर:
एवढे सगळे शिकेल लोकं बोलून राह्यले, मले एकच सांगा. 6 मे ले सुप्रीम कोर्टानं चार महिन्यात निवडणुका घ्या म्हणलं ना, मंग होते का नाई? का आमी नुसते 39 वी अन् 44 वीच पाठ कराची?

अर्धा वकील:
आदेश आहे, पण गटरचना, मग आरक्षणाची सोडत, मग मतदार याद्या, एवढं सगळं व्हायचं आहे. चार महिन्यांत होईल असं मला वाटत नाही, मुदतवाढ मागतील.

ओबीसी कास्तकार:
गटरचनेवर लक्ष ठेवा मग. आमचं गाव मागच्या वेळी नाल्यापलीकडच्या सर्कलात टाकलं होतं, पावसाळ्यात नाला आला की त्या गावी जाता येत नाही, मेंबर तिकडचा, इकडं फिरकलाच नाही. हरकत कुठं द्यायची असते, तहसीलमधे का?

पांदणवाला:
प्रारूप नकाशा लागला की कलेक्टर ऑफिसला द्यायची, तहसीलमधे पण घेतात. साध्या कागदावर चालते, पण मुदत आठ-दहा दिवसांचीच असते अन् ती सोयाबीनच्या डवरणीच्या तोंडावर येईल बहुतेक. आतापासून गावचे सह्या करणारे दहा-बारा जण धरून ठेवा. नाला कुठून वाहते ते नकाशावर दाखवून द्या, नुसतं लिहून दिलं तर फेटाळतात.