राजवाडे आणि त्यांची दप्तरं
इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जातीयवादी, म्हणून त्यांनी छापलेली इतिहासाची साधनंही (जुनी पत्रं, कागदपत्रं) बाद, असं काही जण म्हणतात; ते काही पटत नाही. कायस्थ प्रभूंवरची त्यांची टीका पूर्वग्रहदूषितच होती. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्यांची सालटी काढली, ते बरंच झालं. पण वाड्यावाड्यांतून जुनी दप्तरं धुंडाळत हिंडणारा माणूसही तोच. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. त्यात पानिपतापर्यंतच्या धामधुमीतली अस्सल पत्रं आहेत. पत्रं खुशाल वापरा, प्रस्तावना तेवढ्या जपून वाचा. (तिरसट इतके, की १९१०मध्ये पुण्यात स्वतःच उभारलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशीही शेवटी बिनसलं. १९२६ साली गेले ते धुळ्यात.)