‘रेझिलियन्स’ला मराठीत काय म्हणावं?

कोरडी_विहीर:
एका अभ्यासासाठी घरोघरी विचारायची प्रश्नावली मराठीत करतेय. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी नागपुरात ज्या ज्या भागांत शिरलं, तिथले लोक कितपत आणि किती लवकर उभे राहिले, हे मोजायचंय. मूळ मसुद्यात पावलोपावली ‘नेबरहूड रेझिलियन्स’. मी ‘वस्तीची लवचिकता’ लिहिलं. चाचणीसाठी गेलेल्या पोरांना एका आजोबांनी विचारलं, “योगाचं आहे का बाप्पा?” दुसरा शब्द सुचवा.

टिळकरोड:
लवचिकता नकोच. अर्थशास्त्रात ‘मागणीची लवचिकता’ रुळलेली आहे, तिथे ती इलॅस्टिसिटी. भौतिकशास्त्रात त्याच इलॅस्टिसिटीला ‘स्थितिस्थापकता’. रेझिलियन्स मुळात लॅटिनमधल्या ‘मागे उसळणे’वरून आला. ‘पुनःस्थापनक्षमता’ करा, निर्दोष आहे.

नाल्याकाठचा:
निर्दोष आहे, पण दारात उभं राहून म्हणून दाखवा एकदा. आन् पूर्वीच्या जागी परत येऊन करू काय जी? पूर्वीही नाला अडलेलाच होता. त्या रात्री चार तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस झाला. आमचा फ्रिज तरंगत दारापर्यंत आला अन् दारातच आडवा फसला, त्यामुळं आम्हालाच बाहेर निघता येईना. सोफा बदलला, रंग मारला, म्हणजे ‘पुनःस्थापित’ झालो का? पुढच्या पावसात पुन्हा तेच.

हिशेबनीस:
मुद्दा बरोबर आहे. 2003 मध्ये मिशेल ब्रुनो या अभियंत्याने आणि सहकाऱ्यांनी भूकंपासाठी एक आलेख मांडला. आपत्ती आली की वीज, पाणी, दवाखाने यांचं काम एकदम खाली कोसळतं, मग हळूहळू वर येतं. मधल्या खळग्याचं क्षेत्रफळ जेवढं, तेवढं नुकसान. खळगा उथळच राहिला तर ते तग धरणं. लवकर भरून आला तर ते सावरणं. मराठीत या दोन गोष्टी आधीच वेगळ्या आहेत, इंग्रजीने एका शब्दात कोंबल्या. भूगोलतज्ज्ञ सुझन कटर यांचा रेझिलियन्स मोजायचा 2010 चा निर्देशांक तिसऱ्याच वाटेने जातो : शिक्षण, उत्पन्न, घरं, संस्था अशा आकड्यांवरून आपत्तीआधीच अंदाज बांधायचा. ताई, तुमची प्रश्नावली ‘सावरलात का’ विचारतेय, की ‘सावरू शकाल का’?

कोरडी_विहीर:
दोन्ही. पहिले आठ प्रश्न झालेल्या पुराचे, बाकीचे पुढचे.

पदरखोच:
‘सावरणे’ला माझं मत! संवरणावरून आला असावा, म्हणजे झाकणं, आवरणं. आधी पदर सावरला, मग तोल. ‘सावरक्षमता’ कसा वाटतो?

टिळकरोड:
मराठी धातूला संस्कृत शेपूट. असले जोडशब्द कानाला बोचतात.

पदरखोच:
‘जिल्हाधिकारी’ बोचत नाही का मग? जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत.

टिळकरोड:
तो रुळलाय.

पदरखोच:
कुणीतरी पहिल्यांदा वापरला म्हणूनच ना?

नाल्याकाठचा:
ते तुमचं चालू द्या, पण ‘वस्ती’ काऊन? आमच्याकडे वस्ती म्हटलं की झोपडपट्टीच डोळ्यासमोर येते. लेआऊटवाल्या, म्हणजे आखीव प्लॉटांच्या कॉलनीतल्या, बाईला ‘तुमची वस्ती’ म्हणा अन् बघा, चहा तर सोडाच. मोहल्ला म्हणा.

टिळकरोड:
मोहल्ला हिंदी झाला.

नाल्याकाठचा:
मूळचा अरबी, भाऊ. अन् लेआऊट काय ज्ञानेश्वरीतला आहे?

हिशेबनीस:
मी ‘शेजार’ म्हणेन. 1995 च्या भूकंपात जपानच्या कोबे शहरातल्या मानो भागात लोकांनी रांगा लावून बादल्यांनी आग आटोक्यात आणली. तिथे वर्षानुवर्षं एकत्र काम करायची सवय होती. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल आल्ड्रिच यांनी पुढे हाच धागा धरला : पैसा आणि नुकसान यांच्याइतकीच, कधी जास्तच, शेजाऱ्यांची एकमेकांशी ओळख कामी येते. ‘अडचणीत किल्ली कुणाकडे ठेवता?’ असा एक प्रश्न घालाच.

नाल्याकाठचा:
शेजार म्हणजे दोन घरं डावीउजवी. अख्खा मोहल्ला नाही त्यात बसत. पण किल्लीचा प्रश्न भारी आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेव्हा पंधरा जणांचे मोबाइल चार्ज करून दिले, इन्व्हर्टरवर. त्यांच्या घरातलं एक माणूसही मी त्याआधी ओळखत नव्हतो.

कोरडी_विहीर:
किल्ली घेतली. अजून एक लफडं. सातवा प्रश्न, ‘घरातला गारा काढायला किती दिवस लागले?’ मुद्रितशोधकांनी तो ‘गारपिटीने किती दिवस नुकसान झाले?’ असा दुरुस्त करून पाठवलाय.

टिळकरोड:
योग्यच केलं. गारा आकाशातून पडतात. अनेकवचन, स्त्रीलिंगी.

नाल्याकाठचा:
त्या गारा. हा गारा. चिखल! पाणी ओसरल्यावर फरशीवर टाचेएवढा बसतो, वास मारतो, अन् गोट्यासारखा वाळला की पावड्यानं खरडावा लागतो.

टिळकरोड:
मग सरळ ‘गाळ’ लिहा ना.

नाल्याकाठचा:
गाळ तलावात असतो.

कोरडी_विहीर:
लोकहो, रेझिलियन्स राहिला. सोमवारी छपाईला जायचंय.

पदरखोच:
थांबा थांबा, भिंती रचायला मळतात तोही गाराच ना? मग आधी कुठला, बांधकामातला की पुरातला?