मदत हवी आहे: मंडळाची स्मरणिका, ‘लाइफटाइम’ इनडिझाइन आणि पाय मोडलेली जोडाक्षरं

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभा भरते आणि त्यातली निम्मी गावच्या एसटीवर बोलण्यात जाते. गावची शाळा १९५१ची, म्हणजे २०२६ हे अमृतमहोत्सवी वर्ष. स्मरणिका काढायची ठरली आणि ‘तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना’ या एका वाक्यावर ती माझ्या गळ्यात पडली. मी कॉम्प्युटरवर असतो तो एक्सेलमध्ये, मालाच्या याद्या करत. पण हे सभेत कोण ऐकून घेतो!

लॅपटॉप वर्गणीतून घेतला, लॅमिंग्टन रोडवर. स्मरणिका करायचीय म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, ‘पानं लावायला इनडिझाइन टाकून देतो, पंधराशे द्या, लाइफटाइम आहे.’ बिलावर मात्र नुसतं ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’. निघताना बजावलं, ‘विंडोजचं अँटीव्हायरस, ते डिफेंडर, बंद ठेवलंय, चालू करू नका. अपडेटही मारू नका.’ तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी पिशवी सांभाळत होतो आणि ग्रँट रोडहून साडेसहाची गर्दी डोळ्यांसमोर होती.

तीन आठवडे बरं चाललं. मग एक सूचना यायला लागली, की हे ॲप अस्सल नाही, अमुक दिवसांत बंद होईल. पहिल्यांदा मी ती बंद केली, सगळे करतात तशी. गेल्या सोमवारपासून इनडिझाइन उघडतं आणि लगेच मिटतं. दुकानदाराचं उत्तर: ‘आणा, फॉरमॅट मारून परत टाकतो, पाचशे होतील.’ खजिनदार आमचे माजी पोस्टमन. त्यांना पंधराशेचं बिल कळलं नव्हतं, आता पाचशेचं कसं सांगू?

हे झालं लायसन्सचं. पण चालत होतं तेव्हाही मराठी नीट येत नव्हतं. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर चिकटवला की ‘विद्यार्थी’ या शब्दाचे हाल बघवत नाहीत. पहिली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते, द चा पाय मोडतो, आणि रफार थ च्या डोक्यावर चढायचा सोडून र होऊन बाजूला उभा राहतो. फॉन्ट मंगल. हाच मजकूर वर्डमध्ये अगदी व्यवस्थित दिसतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००१ साली सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली होती. गिरगावातल्या एका डीटीपीवाल्या काकांनी ती पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये केली होती. दुकान कधीच बंद झालं, पण काकांनी सीडी जपून ठेवली होती आणि ती आजही चालते! तीत वाडीवार घरांची यादी आहे आणि पहिल्या तुकडीतल्या चार जणांच्या आठवणी. त्यातलं आज कुणीच नाही. फाइल उघडायला पेजमेकर नाही. काकांचा मराठी फॉन्ट हार्डवेअर लॉकवर चालायचा, तो लॉक मागच्या प्रिंटर पोर्टला लावायचे आणि असलं पोर्ट आता कुठल्या लॅपटॉपला असतं? एक फाइल नोटपॅडमध्ये ओढून पाहिली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं.

छापखाना लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आहे. त्यांना ‘पीडीएफ द्या, सीएमवायके, तीन एमएम ब्लीड, कर्व्ह करून’ एवढंच हवंय, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, कडेला तीन मिलिमीटर जादा जागा ठेवून आणि अक्षरांच्या आकृत्या करून. साधारण ऐंशी पानं ए-फोर, आतली काळी-पांढरी, मुखपृष्ठ रंगीत. इनडिझाइन विकत घ्यावं का? घ्यायचं तर नेमकं काय घ्यायचं? की फुकटातलं एखादं चालेल? आणि त्या सीडीचं काय करू?

प्रतिसाद

हिशेबनीस

आधी लायसन्सचं. इनडिझाइनला ‘लाइफटाइम’ म्हणून आज काही मिळतच नाही. एकरकमी पैसे देऊन कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती २०१२ची सीएस-सिक्स. २०१३पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर. त्यामुळे पंधराशेत जे मिळालं ते काय होतं हे वेगळं सांगायला नको.

मंडळ नोंदणीकृत असेल तर हेही लक्षात घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्राम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त दंड करू शकतं. पोलिस उद्या दारात येतील असं मी म्हणत नाही, पण आता तुम्हाला ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

विकत घ्यायचं ठरलं तर एक खाच सांभाळा. ‘वार्षिक, हप्ता महिन्याला’ आणि ‘महिन्यापुरतं’ या दोन वेगळ्या योजना आहेत. पहिली स्वस्त दिसते, पण चौदा दिवसांनंतर मध्येच सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या निम्मे पैसे कापतात. तुमचं काम दोन महिन्यांचं, तेव्हा महिन्यापुरतं घ्या, दर जास्त असला तरी. आणि खातं मंडळाच्या ईमेलवर काढा, तुमच्या नाही. पुढचा चिटणीस शिव्या देणार नाही.

ठाणेकरीण

डिफेंडर बंद करून टाकलेलं क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारी प्रत, तीन आठवडे चालू होतं, तेही मंडळाच्या लॅपटॉपवर? त्यावर बँकेचं नेटबँकिंग उघडलंय का कुणी? उघडलं असेल तर हा प्रतिसाद वाचून संपायच्या आत दुसऱ्या मशिनवरून पासवर्ड बदला. नंतर आपल्या फायली, म्हणजे फक्त मजकूर आणि फोटो, पेनड्राइव्हवर घ्या आणि विंडोज रीसेट करा, ‘सगळं काढून टाका’ हा पर्याय निवडून. दुकानात नेऊ नका, घरीच होतं.

रीसेट न करता अस्सल इनडिझाइन टाकायला गेलात तर आणखी एक गंमत होते. असली क्रॅकं बऱ्याचदा होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये कंपनीच्या सर्व्हरचे पत्ते अडवून ठेवतात. मग पैसे भरूनसुद्धा साइन-इन होत नाही आणि माणूस कस्टमर केअरशी भांडत बसतो. आमच्या ऑफिसात यावर दोन दिवस गेले होते.

खिळे_जुळारी

चाळीस वर्षं याच धंद्यात काढली, खिळ्यांपासून, म्हणजे शिशाची अक्षरं हाताने जुळवायचो तेव्हापासून. जोडाक्षरांचं दुखणं सोपं आहे. इनडिझाइनचा नेहमीचा कंपोजर, म्हणजे ओळी जुळवणारा भाग, रोमन लिपीसाठी आहे, त्याला वेलांटी कुठे बसते हे ठाऊकच नाही. पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा आणि ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. ‘विद्यार्थी’ जागच्या जागी सरळ होईल. एकही फाइल उघडी नसताना हा बदल केला तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला तो आपोआप लागतो. पॅराग्राफ स्टाइल वापरत असाल तर स्टाइलच्या जस्टिफिकेशन भागातही कंपोजर बदला, नाहीतर स्टाइल लावली की पुन्हा मोडतोड. फॉन्टला दोष देऊ नका, मंगल निर्दोष आहे. फक्त स्मरणिकेला शोभत नाही.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे, पण बरेच फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा ‘मराठी’ केली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मराठी वळण येतं. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आणि ‘एक टाइप’ या फॉन्टवाल्यांचा ‘मुक्त’, दोन्ही फुकट आहेत. मजकुराला मी शोभिका लावेन.

आता सीडी. तिच्यावरच्या मजकुराला मराठी म्हणू नका. त्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, म्हणून फॉन्ट गेला की उरतात डॉलर आणि कंस. लिब्रेऑफिसचं ड्रॉ २०१५पासून पेजमेकरच्या फायली उघडतं. मांडणी थोडी विस्कटेल, पण मजकूर हाती लागेल. मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टचं नाव बघा. फॉन्ट मशिनवर नसला की नाव तिरकं दिसतं, पण दिसतं. ते नाव टिपा आणि त्याच फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा, म्हणजे मजकूर आजच्या सगळीकडे चालणाऱ्या देवनागरीत येईल. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांचेही नकाशे (कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठला तुकडा) वेगळे असतात, अंदाजाने कन्व्हर्टर लावू नका.

परळकर

वरच्यांना +१. पण ऐंशी पानांच्या काळ्या-पांढऱ्या कामाला इनडिझाइन कशाला? स्क्रायबस फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, आणि १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. जुनी १.४ चुकूनही उतरवू नका, तिच्यात तुमचा ‘विद्यार्थी’ पुन्हा लंगडा होईल. पीडीएफ काढताना फॉन्टांच्या टॅबवर सगळे आउटलाइन करायचा पर्याय आहे, म्हणजेच छापखान्याचं ‘कर्व्ह’. पीडीएफ/एक्स, म्हणजे छपाईसाठीचं पीडीएफ, हवं असेल तर आधी कलर मॅनेजमेंट चालू करा, त्याशिवाय तो पर्याय निवडताच येत नाही.

उणी बाजूही सांगतो. एकमेकांना जोडलेल्या चौकटींच्या एकाच साखळीत चाळीस पानांचा मजकूर ओतला की स्क्रायबस जड होतं. लेखागणिक वेगळी चौकट ठेवा. आणि काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना ते बघा. चार रंगांचा काळा झाला तर बारीक अक्षरं छापताना धूसर दिसतात, आणि मग गावभर ‘छपाई वाईट’ होते.

वाचनमात्र

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा दादरला एखादा डीटीपीवाला गाठा, पानाच्या दराने करून देईल. वाचनखूण मात्र साठवली आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी धागा वर काढतोय.

ताई, नेटबँकिंग उघडलेलं होतं. पासवर्ड त्याच रात्री बदलला, लॅपटॉप शनिवारी रीसेट केला. खजिनदारांना सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘पंधराशे तू भर, पुढचा चहा मंडळाचा.’ स्क्रायबस घेतलंय. डीटीपीवाल्याचं सभेत सुचवून पाहिलं, पण यादीतली नावं शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहणार, कोणता धंदेवाईक माणूस ते सोसेल?

सीडी ड्रॉमध्ये उघडली. त्या तिरक्या नावाने खरंच वाट दाखवली, कन्व्हर्टर मिळाला. पहिल्या तुकडीतल्या बाईंच्या आठवणींचं पान युनिकोडमध्ये आलं तेव्हा बायकोला उठवून दाखवलं, रात्रीचा एक वाजला होता.

मात्र एक घोळ आहे. आमच्याकडे ओढ्याला पऱ्या म्हणतात. छापील प्रतीत ‘पऱ्यावरून शाळेत येताना’ असं आहे, कन्व्हर्टरने ‘पर्यावरून’ केलंय. वाऱ्याचा ‘वार्या’ झालाय. सरसकट बदलायला गेलो तर ‘आचार्य’ आणि ‘सूर्य’ बिघडले. काय करू?

खिळे_जुळारी

सरसकट बदलू नका, ते काम डोळ्यांनीच करायचं. सर्चमध्ये ‘र्य’ घाला आणि एकेका ठिकाणी थांबून ठरवा. ‘र्ह’ पण बघा, ‘कुऱ्हाड’ असेलच कुठेतरी. टाइप करताना साध्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये तो ऱ शिफ्ट-जे वर आहे. अर्धा चंद्रासारखा र आपोआप येतो. छापील प्रत शेजारी ठेवा आणि एकाने मोठ्याने वाचा, दुसऱ्याने पडद्यावर बघा. आम्ही खिळ्यांच्या काळात असंच प्रूफ वाचायचो.

धागाकर्ता

जमलं! मुलगी वाचते, मी बघतो. एकूण त्रेचाळीस ठिकाणी पऱ्या, वारा आणि दऱ्या निघाल्या. आमचं गाव किती उताराचं आहे ते आता कळलं. छापखान्याला चार पानांची नमुना पीडीएफ दिली होती, त्यांनी ‘चालेल’ म्हटलंय, फक्त मुखपृष्ठाचा एक फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे तो मूळ आकारात मागितलाय.

पानं मात्र चौऱ्याऐंशी होतायत आणि छापखाना आठाच्या पटीत मागतोय, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. चार पानांचं काय करावं यावर रविवारी सभा आहे. इथे कुणाला जाहिरात द्यायची असेल तर दर कळवतो.