उत्तर आधी सांगायचं की आधी सावली मोजू द्यायची?

प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा:
जानेवारीत सहावीच्या मुलांनी फरशीवर कुंडीत काठी उभी केली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण केली. बाराला सावली सर्वांत लहान, याची सगळ्यांना खात्री. बारा वाजून गेले तरी ती आखडतच राहिली, पावणेएकपर्यंत! "बाई, घड्याळ चुकलंय!" मी काही सांगितलं नाही. तीन दिवस पुन्हा मोजलं. चौथ्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "नागपुरातपण पावणेएकलाच होत असेल का?" तेव्हा नकाशा काढला. हा प्रश्न पडण्याआधी रेखांश शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हायस्कूलचा विज्ञान शिक्षक:
पटत नाही. वर्गात साठ मुलं, तास 35 मिनिटांचा. तुमच्या चार दिवसांत माझा धडा संपतो. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते, हे काठीकडे बघून कुणाला कळणार? सांगावंच लागतं.

प्राथमिक शिक्षिका:
लागतंच. मीही सांगितलं, पण चौथ्या दिवशी. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, एवढं कळल्यावर आपला 74 वा रेखांश धरून बारानंतरची 34 मिनिटं मुलांनीच काढली. मग मुलं म्हणाली, "उरलेली दहा-अकरा मिनिटं कुठली?" तो प्रश्न वहीत तसाच ठेवलाय. नोव्हेंबरात पुन्हा मोजू, तेव्हा सावली वीस-पंचवीस मिनिटं लवकर आखूड होईल. पृथ्वीच्या कक्षेचं आणि कललेल्या आसाचं बोलणं त्यानंतर.

पालक, पुणे:
सरांची अडचण खरी आहे, पण ती परीक्षेमुळे आहे. मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झाला. मुलं गटागटानं प्रयोग करायची आणि परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा होती. पाठांतराला किंमतच उरली नाही.

विज्ञान शिक्षक:
आणि 2002 मध्ये सरकारनं तो बंद केला, हेही लिहा. आमच्याकडची घटक चाचणी तशी होईपर्यंत मी धडाच पुरा करणार. शिवाय प्रश्न दहा महिने लटकत ठेवणं मला मान्य नाही. दोन-चार मुलं वाट बघतील, बाकीची विसरून जातील. त्यांचं काय?

प्राथमिक शिक्षिका:
ही भीती मलाही होती. म्हणून खडूच्या खुणांवर आणि कुंडीच्या जागेभोवती ऑइलपेंट मारून घेतलाय, शेजारी तारीख घातलीय. मधल्या सुट्टीत मुलं त्याच फरशीवर डबा खायला बसतात.